गहू बंद करण्यापूर्वी

मूल जेवत नाही ही तक्रार घरोघरची आहे, आणि तिच्यावरचे उपायही घरोघर ठरलेले असतात. परंतु मूल जेवते, दूध पिते आणि तरीही अंग धरत नाही, ही तक्रार निराळी. आज या दुसऱ्या तक्रारीविषयी थोडे बोलायचे आहे.

समजा, दीड वर्षाची एक मुलगी आहे. सहा-सात महिन्यांची होईपर्यंत ती चांगली बाळसेदार होती. मग उष्टावण झाले. आधी मऊ भात आणि वरणाचे पाणी, पुढे रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, दुधात भिजवलेले बिस्किट, असे एकेक सुरू झाले. वर्ष उलटले आणि मुलीची तब्येत उतरणीला लागली. दिवसातून चार-पाच वेळा शी होते. ती पातळ, फिकट, पुष्कळशी, आणि तिला विलक्षण घाण वास. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे. पूर्वीची हसतीखेळती पोर आता दिवसभर कडेवर बसून किरकिरते. कोणी म्हणते दात येताहेत, कोणी म्हणते जंत झाले, कोणी म्हणते दृष्ट लागली. जंताचे औषध होते, मीठमोहऱ्याही ओवाळून होतात. गुण काही येत नाही.

अखेर घरातल्या आजी म्हणतात, “अगं, पोळी सुरू केल्यापासून हिचं बिनसलंय. गहू सोसत नसेल हिला. थोडे दिवस बंद करून बघ.” सून म्हणते, “बघते, आई.” गहू बंद होतो. भात, नाचणीची खीर, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी सुरू होते. आणि काही आठवड्यांतच शी घट्ट होते, पोट उतरते, मुलगी हसू लागते! घरात आनंदीआनंद. पुढे सात-आठ महिन्यांनी काही निमित्ताने डॉक्टरांकडे जाणे होते, तेव्हा आई मोठ्या कौतुकाने ही हकिगत सांगते. डॉक्टर ऐकून घेतात, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते.

आठी का पडावी? आजींचे निरीक्षण तर अचूक होते. मुलगीही सुधारली होती. मग चुकले कुठे? चुकले ते क्रमात. ते कसे, हे समजण्यासाठी आधी हा आजार काय आहे ते पाहू.

गव्हाच्या कणकेचा छोटा गोळा घ्या आणि तो पाण्याच्या धारेखाली धरून हळूहळू चोळत राहा. पांढरे पिठूळ पाणी वाहून जाते आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हेच ग्लुटेन. ते एक प्रथिन आहे. त्याच्यामुळेच पोळी लाटता येते, पाव फुगतो, शेवई तुटत नाही. ज्वारीच्या पिठात असे ग्लुटेन नाही, म्हणूनच ज्वारीची भाकरी गरम पाण्यात मळून हातावर थापावी लागते. ती करताना सुनेची परीक्षा का होते, त्याचे कारण असे पिठातच आहे.

बहुतेकांना हे ग्लुटेन निर्धोक पचते, किंवा पचले नाही तरी त्रास देत नाही. परंतु काही माणसांच्या शरीरात जन्मतःच अशी ठेवण असते की, हे प्रथिन लहान आतड्यात पोचले, की शरीराची संरक्षक यंत्रणा खवळून उठते. शत्रू समजून ती ग्लुटेनवर धावून जाते आणि त्या झटापटीत स्वतःच्याच आतड्याला जखमी करते. आपल्या लहान आतड्याचा आतला भाग मखमलीसारखा असतो. त्यावर लक्षावधी बारीक अंकुर असतात आणि अन्नाचा रस ते शोषून घेतात. या आजारात ते अंकुर झिजतात आणि मखमलीचे जणू हरताळी कापड होते. मग मुलाने कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. लोह शोषले जात नाही म्हणून मूल पांढरे पडते. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही म्हणून हाडे कच्ची राहतात. या आजाराला सीलिअॅक असे नाव आहे. पोटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून ते आले.

लोक याला सरसकट ‘गव्हाची अॅलर्जी’ म्हणतात. पण अॅलर्जी वेगळी. गव्हाचा घास खाताच काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ती अॅलर्जी. तिथे गहू ताबडतोब बंद करून डॉक्टरांकडे धाव घ्यायची. सीलिअॅक असा अंगावर धावून येत नाही, तो वाळवीसारखा आतून पोखरतो.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली मुलांमधल्या या आजाराचे नेमके वर्णन केले. बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच, हेही त्यांनी ओळखले होते. पण दोषी अन्न कोणते, ते त्यांना सापडले नाही. ते सापडले हॉलंडमध्ये. हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, आणि एरवी खंगत असलेली ही मुले त्या हालातही बरी राहिली असे दिसले. त्यावरून डिके यांचा संशय बळावला. परंतु ‘गहू बंद केला आणि मूल सुधारले’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणते धान्य दिले की काय होते, बंद केले की काय होते, मुलांचे वजन किती वाढते, शौचातून स्निग्धांश किती वाया जातो, हे त्यांनी पुन:पुन्हा मोजले आणि १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. त्यांच्या काळी रक्ताची सोपी तपासणी नव्हती. एवढी यातायात त्यांना करावीच लागली. आज ती तपासणी आहे. मात्र तिची एक अट आहे, आणि आपल्या गोष्टीतल्या आईकडून नेमकी तीच मोडली गेली.

रक्ताची तपासणी काय शोधते? तर त्या आतल्या झटापटीच्या खुणा. संरक्षक यंत्रणा खवळली, की ती रक्तात काही प्रतिपिंडे सोडते. ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या शरीरातल्याच एका द्रव्यावर उलटलेली ही प्रतिपिंडे मोजायची, म्हणून या तपासणीला थोडक्यात टी.टी.जी. म्हणतात. आता झटापट चालू असेल तरच खुणा सापडणार. गहू बंद केला, की लढाई थांबते, प्रतिपिंडे महिन्यामहिन्याने उतरत जातात, आतड्यातले अंकुर पुन्हा वाढू लागतात. मग तपासणी म्हणते, ‘काही नाही’. हे ‘काही नाही’ म्हणजे आजार नाही असे नव्हे. आजाराचा माग पुसला गेला एवढेच.

तेव्हा पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की सीलिअॅकची शंका आली तर तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू चालू ठेवावा. मूल जे खात आहे तेच त्याला खाऊ द्यावे. ज्या घरात गव्हाचे प्रमाण मुळातच कमी आहे, त्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे. कारण तपासणीपूर्वी निदान सहा आठवडे रोज, आणि तेही एकाहून अधिक वेळच्या खाण्यात, गव्हाचा पदार्थ असावा असा प्रघात आहे. मूल रोज पोळी-बिस्किट खात असेल, तर थांबण्याचे कारण नाही; उद्याच जावे. आणि मूल फारच गळून गेले असेल, जुलाबांनी सुकले असेल, तर हे आठवडे मोजत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे. गहू केव्हा थांबवायचा ते तिथले डॉक्टर ठरवतील.

शंका कोणाविषयी घ्यावी? वर सांगितलेली जुलाबाची आणि फुगलेल्या पोटाची मुलगी हे ठळक चित्र झाले. पण हा आजार नेहमीच इतका उघड बोलत नाही. एखाद्या मुलाला उलट मलावरोध असतो. एखादे नुसतेच बुटके राहते. बरोबरीची मुले खांद्यावरून पुढे जातात आणि हे वर्षभर त्याच कपड्यांत मावते. एखाद्याचा पांडुरोग लोहाचे औषध महिनोन्‌महिने देऊनही हटत नाही. दाताच्या लुकणाला खळगे पडतात, तोंड वारंवार येते, पोट दुखते. शिवाय ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार आहे, ज्यांना लहानपणीच इन्शुलिन लागणारा मधुमेह जडला आहे, किंवा जी मुले डाउन सिंड्रोमची आहेत, त्यांची लक्षणे नसली तरी तपासणी करून घ्यावी.

“हा तर पंजाब्यांचा आजार, आपल्याकडे कुठला?” असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात सुमारे एक, असे प्रमाण आढळले. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. या आजाराला लागणारी आनुवंशिक ठेवण उत्तरेत आणि दक्षिणेत जवळजवळ सारखीच आहे. मोठा फरक आहे तो रोजच्या गव्हात. आता आपल्या घरांकडे पाहा. आजोबांच्या ताटात दोन्ही वेळा भाकरी होती. नातवाच्या दिवसाची सुरुवात बिस्किटाने होते, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव. तेव्हा ‘आपल्याकडे कुठला’ हे आता म्हणवत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. जाताना मुलाच्या वजन-उंचीची जुनी नोंद, म्हणजे लसीकरणाचे कार्ड, बरोबर न्यावे. मूल दिवसभरात काय काय खाते याची आठवड्याची साधी यादीही करून न्यावी. त्यात बिस्किट, शिरा, शेवयाची खीर विसरू नये. रक्तासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. उलट मूल खाऊनपिऊन, पाणी पिऊन गेले तर शीर लवकर सापडते. हाताच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. मुलाला आपल्या मांडीवर घट्ट धरून बसावे. “दुखणार नाही” असे खोटे सांगू नये. “मुंगी चावल्यासारखं थोडं दुखेल, मी इथंच आहे,” असे सांगावे. एकदा फसवलेले मूल पुढच्या वेळी दारातूनच रडू लागते.

टी.टी.जी. बरोबर ‘एकूण आय.जी.ए.’ अशी आणखी एक मोजणी करतात. आईबापांनी तिची आठवण अवश्य ठेवावी. काही मुलांच्या रक्तात आय.जी.ए. नावाची प्रतिपिंडे मुळातच तयार होत नाहीत. अशा मुलाची नेहमीची टी.टी.जी. तपासणी खोटाच दिलासा देते. सीलिअॅक असलेल्या शंभरांत अशी दोन-तीन निघतात. त्यांच्यासाठी वेगळ्या प्रकारच्या चाचण्या आहेत.

टी.टी.जी. वाढलेली निघाली तर पुढे दुर्बिणीची तपासणी येते. हे नाव ऐकूनच आया घाबरतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मुलाला काही तास उपाशी ठेवून गुंगीचे औषध किंवा भूल देतात. मूल झोपले, की बोटाहून बारीक, लवचीक नळी तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि आतल्या अस्तराचे तिळाएवढे चार-पाच तुकडे घेतात. अस्तराला वेदना कळत नाही, कापाकापी नाही, टाके नाहीत. थोड्या वेळात काम आटोपते आणि बहुधा त्याच दिवशी मूल घरी येते. ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की अंकुर शाबूत आहेत की झिजले आहेत ते डोळ्यांना दिसते. आपल्या देशात हे पाहण्याला आणखी एक महत्त्व आहे. जिआर्डियासारखे आतड्यातले परोपजीवी आणि इतर काही विकारही अंकुरांची हानी करतात. तेव्हा रक्त आणि तुकडा या दोघांची साक्ष जुळवून डॉक्टर निर्णय देतात.

दरेक मुलाला दुर्बीण लागतेच असेही नाही. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१२ साली, आणि सुधारून २०२० साली, असा नियम केला, की टी.टी.जी. सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल, आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात दुसऱ्या जातीची प्रतिपिंडेही सापडली, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येते. आपल्या मुलाच्या बाबतीत या नियमाचा आधार घ्यायचा की नाही, हे तपासणीची प्रत आणि मुलाची अवस्था पाहून तज्ज्ञानेच ठरवावे. परंतु तोवर, म्हणजे पहिला अहवाल हातात आला तरी, गहू चालूच ठेवायचा. पुष्कळ घरी इथेच घाई होते. अहवाल वाईट आला म्हणून त्याच रात्री पोळी बंद होते, आणि दुर्बिणीची तारीख महिन्यानंतरची असते!

आता आपल्या गोष्टीतल्या मुलीकडे वळू. तिचा गहू बंद होऊन सात-आठ महिने झाले. आता काय? पहिली गोष्ट, आईने स्वतःला दोष देऊ नये आणि आजींनाही कोणी बोलू नये. दुसरी गोष्ट, परस्पर पुन्हा पोळी सुरू करू नये. डॉक्टरांना खरे ते सांगावे. गहू बंद करून थोडेच दिवस झाले असतील, तर लगेच रक्त द्यावे. खुणा अजून शिल्लक असू शकतात. फार दिवस झाले असतील तर एक मार्ग आनुवंशिक तपासणीचा आहे. डी.क्यू.२ आणि डी.क्यू.८ अशा नावांची दोन आनुवंशिक चिन्हे आहेत. या तपासणीला गहू खाण्याची अट नाही. दोन्ही चिन्हे नसतील, तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच असे समजावे आणि दुसरे कारण शोधावे. मात्र चिन्ह सापडले म्हणजे आजार आहेच, असा उलटा अर्थ काढू नये. साधारण तिघांत एका निरोगी माणसाकडेही ते असते.

चिन्ह सापडले तर मग देखरेखीखाली पुन्हा गहू सुरू करून तपासणी करण्याचा प्रश्न उरतो. पाच वर्षांखालच्या मुलांना, आणि वयात येताना उंची झपाट्याने वाढण्याच्या दिवसांत, तसे शक्यतो करू नये असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे या मुलीच्या घरी काही वर्षे शंकेचे सावट राहणार. ज्या आईने सुधारलेल्या लेकराला पुन्हा आजारी पाडण्याचा धोका मनात तोलून पाहिला असेल, तिलाच त्या शंकेचे ओझे कळेल. एका वेळच्या रक्ततपासणीने हे ओझे टळले असते.

“पण कशाला हवा इतका पुरावा? गहू सोसत नाही, द्यायचा नाही, संपलं!” असे कोणी म्हणेल. संपत नाही. सीलिअॅकचे पथ्य जन्माचे असते, आणि ते शंभर टक्के पाळावे लागते. नुसत्या अंदाजावर इतके कडक पथ्य कोणी पाळत नाही. पोर बरी झाली, की ‘सणाचा दिवस आहे, अर्धी पुरणपोळी खाल्ली तर काय होतंय?’ असे सुरू होते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचाच असतो, आणि प्रसादाला नाही कसे म्हणायचे? असे चमचाचमचा चालू राहिले तर बाहेरून मूल बरे दिसते, आत अंकुर झिजत राहतात. वाढ खुंटते, हाडे ठिसूळ होतात. उलटपक्षी, ज्या मुलाला हा आजार नाहीच, त्याला पंगतीतून कायमचे उठवणे हाही अन्यायच. निदान हातात असले, की शाळेला, नातेवाइकांना ठामपणे सांगता येते. भावंडांची, आईवडिलांची तपासणी करून घेता येते. आणि दर काही महिन्यांनी टी.टी.जी. उतरते आहे की नाही हे पाहून पथ्य नीट चालले आहे याची खात्री करता येते.

आणि निदान झालेच, तर हताश होण्याचे कारण नाही. या आजाराला औषध नाही हे खरे. पण औषधाची गरजही नाही. गहू आणि जव यांना कायमची रजा दिली, की मुलांची आतडी बहुधा पूर्ववत होतात. खपली गहूही गहूच, तो चालत नाही. हिंगासारख्या वस्तूकडेही लक्ष हवे. पेठेतला हिंग बहुधा पिठात मळलेला असतो आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. मुलांना दुधातून देण्याच्या पुष्कळ पुडींत माल्ट, म्हणजे मोड आलेले जव असते. डब्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिले असेल, तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. आणि गिरणीचे विसरू नका. गव्हावर ज्वारी दळली, तर आधीचे पीठ ज्वारीत मिसळते. त्यासाठी घरी जाते किंवा घरघंटी असलेली बरी. एवढे सांभाळले तर मराठी घराला काय तोटा? तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी आपल्याच आहेत. दुसऱ्या देशांतल्या आयांना जे पीठ दुकानात शोधून महाग विकत घ्यावे लागते, ते आपल्या कोठीत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तेव्हा आजींनी जरूर निरीक्षण करावे. त्यांच्या डोळ्यांइतकी जुनी दुर्बीण दुसरी नाही. फक्त त्यांनी पुढचे वाक्य थोडे बदलावे. “गहू सोसत नसेल हिला, बंद करून बघ,” असे म्हणण्याऐवजी, “गहू सोसत नसेल हिला, चल, आधी तपासून घेऊ,” असे म्हणावे.